लाल ठिपक्याचा कप

ज्यांच्या घरात आज कुणाच्या तरी खोलीचं दार बंद आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधांबद्दल मी काही सांगणार नाही. ते तुमचे डॉक्टर सांगतील, आणि ते सांगतील तितके महिने, सांगतील तशी ती घ्या. मला ठाऊक आहे ती दाराची आतली बाजू. तिथला उजेड, तिथले आवाज, आणि बाहेरून येणारा फोडणीचा वास, जो दाराच्या फटीतून आत येतो पण माणसाला बरोबर आणत नाही.

खोकला

आम्हाला तेव्हा शिकागोजवळच्या नेपरव्हिलला राहायला येऊन दोन वर्षं झाली होती. मिलिंद, माझा नवरा, सकाळच्या गाडीने शिकागोला ऑफिसला जाई. मित्रा, आमची मुलगी, पहिलीत होती. मी नागपूरला मराठीत एम.ए. केलेलं, कविता लिहिणारी. इथे दिवसभर घरात माझी भाषा माझ्याशीच बोलत असे.

झाडांची पानं गळायला लागली तेव्हा खोकला सुरू झाला. नोव्हेंबर अखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण आला तरी थांबला नाही. रविवारी आम्ही नागपूरकडची चार-पाच कुटुंबं शोभाताईंच्या बेसमेंटमध्ये बुद्धवंदनेला जमत असू. त्या दिवशी वंदना म्हणताना माझा आवाज मधेच तुटला आणि पुढच्या ओळी इतरांनी पुऱ्या केल्या. शोभाताई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, आमच्या सगळ्यांच्या पुढारी. त्या म्हणाल्या, "हीटिंगमुळे होतं गं. हवा कोरडी पडते. ह्युमिडिफायर आण एक, चांगलासा."

आणला. त्याच्या वाफेला तापलेल्या प्लास्टिकचा वास येई. संध्याकाळी अंग तापे, पहाटे उशी ओली असे. मी वीस पौंडांनी उतरले तेव्हा मैत्रिणींनी डाएट विचारलं.

या देशात आल्यावर हातावर सुई टोचून एक चाचणी झाली होती, आणि तिथे मोठी गाठ उठली होती. ती आम्ही हसण्यावारी नेली. "आपल्या सगळ्यांचीच उठते, लहानपणीच्या लशीमुळे," असं आपल्यात सगळेच म्हणतात. बहुतेकदा ते खरंही असतं. माझ्या बाबतीत नव्हतं.

"आम्ही स्वच्छ राहतो"

तपासण्यांचे निकाल घेऊन डॉक्टर खोलीत आले ते मास्क लावून. आदल्या भेटीत मी त्यांचा हसरा चेहरा पाहिला होता. आता नुसते डोळे उरले होते. मला तेवढ्यावरून कळलं. त्यांनी टीबी हा शब्द उच्चारला आणि लगेच त्यामागे बरीच धीराची वाक्यं जोडली. ती मला ऐकू आली नाहीत. कोपऱ्यातल्या रेडिएटरचा टक्‌टक्‌ आवाज मात्र ऐकू येत होता.

मिलिंद इंग्रजीत म्हणाला, "पण डॉक्टर, आम्ही घर फार स्वच्छ ठेवतो."

डॉक्टर म्हणाले, "त्याचा याच्याशी संबंध नाही."

"रोज आंघोळ करतो. आणि ही तर फरशीसुद्धा..."

मी त्याच्या बाहीला हात लावला. तो थांबला. आमच्या घरांत शर्टाची इस्त्री आणि भांड्यांची चकाकी यांना एक इतिहास आहे. कुणी घाणेरडं म्हणू नये म्हणून तीन पिढ्या आम्ही घासत आलो. त्या क्षणी मिलिंद एका अनोळखी डॉक्टरपुढे त्या तीन पिढ्यांची साक्ष काढत होता, आणि डॉक्टरांना त्यातलं काही दिसण्याचं कारण नव्हतं.

मग मी माझा एकच प्रश्न विचारला. "माझ्या मुलीला माझ्याकडून गेलं असेल का?"

"तिची चाचणी आत्ता करू. पण लागण होऊन फार दिवस झाले नसतील तर ती आत्ता दिसणार नाही. काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागेल."

मधल्या काळात खबरदारी म्हणून मित्राने रोज एक गोळी घ्यायची, सफरचंदाच्या गरात कुस्करून. माझा सगळा हिवाळा त्या दुसऱ्या चाचणीकडे तोंड करून बसला.

हवेची खोली

इस्पितळात मला ज्या खोलीत ठेवलं होतं तिच्या छताशी एक पंखा सतत आतली हवा ओढून बाहेर टाकत असे. कुणीतरी न थांबता श्वास आत घेतंय आणि सोडतच नाहीये, असा तो आवाज होता. खोलीला दोन दारं होती. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. येणारा प्रत्येक जण दोन दारांच्या मधे क्षणभर थांबून मास्क घट्ट करी. ते थांबणं मला ऐकू येई.

मित्राला आत परवानगी नव्हती. संध्याकाळी मिलिंद तिला खालच्या पार्किंगमध्ये उभी करी. खिडकी न उघडणारी होती. मी काचेवर तळवा ठेवी. खाली लाल कोटातला एक ठिपका दोन्ही हात हलवी. ती गेल्यावर तळव्याचा ओलसर ठसा काचेवर थोडा वेळ राही, मग कडांपासून आत आत विरत जाई.

एक गोष्ट आधी सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही घाबरणार नाही. त्या गोळ्यांनी अंगातलं सगळं पाणी नारिंगी होतं. डोळ्यांतलंसुद्धा. उशीच्या पांढऱ्या अभ्र्यावर मला सकाळी गाजराच्या रसासारखे फिकट डाग दिसत, आणि आपण झोपेत रडलो हे त्यावरून कळे.

ठिपका

घरी सोडलं तेव्हा अजून काही आठवडे वेगळं राहायचं होतं. वरची मागची खोली माझी झाली. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, आरोग्य खात्याची नर्स कॅरल रोज सकाळी येई आणि तिच्यासमोर मला गोळ्या गिळाव्या लागत. पहिल्या दिवशी मला तो अपमान वाटला. आठवड्याभरात, दिवसातून एक माणूस आपल्याकडे नीट बघतं, याचीच मी वाट पाहू लागले. तिच्या कोटाला थंडीचा आणि पेपरमिंटचा वास असे.

कॅरल म्हणाली होती, "हे हवेतून जातं. खिडकी जरा उघडी ठेव, कितीही थंडी असली तरी. ताटवाट्या वेगळ्या करायची गरज नाही. नेहमीच्या साबणाने धुवा, पुरे."

मी मान हलवली. ती गेली, तिची गाडी बर्फावरून करकरत वळली, आणि मी मिलिंदला हाक मारली. "माझा कप वेगळा कर. ताटही. आणि कपाटातून ती लाल नेलपॉलिश दे."

"पण कॅरल आत्ताच म्हणाली..."

"दे."

पांढऱ्या कपाच्या कानाशी मी एक लाल ठिपका लावला. असं का केलं, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. हवेला खूण करता येत नाही. कपाला करता येते. भीतीला कुठेतरी बोट ठेवायला जागा लागते.

मिलिंद त्या ठिपक्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "नानांना कळलं तर?"

नाना म्हणजे माझे वडील. त्यांच्या लहानपणी गावातल्या चहाच्या हॉटेलात आमच्या लोकांसाठी वेगळे कप बाहेर खिळ्याला टांगलेले असत, कान तुटलेले. चहा वरून ओतायचा, पिऊन झाल्यावर कप आपणच विसळून पुन्हा खिळ्याला लावायचा. नाना शिकले, नागपूरला नोकरीला लागले, आणि आमच्या घरात त्यांनी दोन नियम केले. कपाचा कान तुटला की तो कप त्याच दिवशी घराबाहेर. आणि पाणी भांड्याला तोंड लावून प्यायचं. माझ्या वर्गातल्या मुली डोकं मागे करून, वरून धार सोडून पाणी पीत. एकदा घरी मी तशी प्यायले तेव्हा नाना शांतपणे म्हणाले होते, "तोंड लावून पी. आपल्या घरात कुणी कुणाला वरून पाणी देत नाही."

ठिपका वाळेपर्यंत त्यावर फुंकर घालावीशी वाटली, पण माझ्या फुंकरीचीच तर भीती होती.

धार

दाराबाहेर एक स्टूल होतं. मित्रा शाळेतून आली की त्यावरच्या माझ्या कपात पाणी ओते, दारावर टकटक करी आणि जिन्यापर्यंत पळे. मग मी मास्क लावून दार उघडी. मीच तिला शिकवलं होतं, "लांबून ओत हं. पाण्याचा जग कपाला लागू देऊ नकोस."

एका दुपारी दार जरा किलकिलं होतं. मी आतून पाहिलं. तिने प्लास्टिकचा जग डोक्याच्या उंचीपर्यंत नेला होता. जीभ ओठांच्या कोपऱ्यात दाबलेली. वरून बारीक, अखंड धार माझ्या कपात पडत होती. एक थेंबसुद्धा बाहेर नाही. तिने मला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"आई, सी? आय डिडन्ट टच इट."

तिला शाबासकी हवी होती. मी ती दिली. दार लावलं. कपातलं पाणी संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं.

परत न करायचे डबे

माझ्या संपर्कात आलेल्या सगळ्यांची तपासणी करावी लागणार होती. काउंटीचा फोन जाण्याआधी आपण सांगावं म्हणून मी शोभाताईंना फोन केला. तोवर आम्ही सगळ्यांना न्यूमोनिया सांगितला होता.

पलीकडे त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग त्या म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस. बाकीच्यांना मी सांगते. तू नको करत बसू फोन."

त्या शब्दाला जागल्या. दर रविवारी त्यांच्या बेसमेंटमध्ये जमणारे सगळे हात पुढे करून तपासून आले, आणि कुणाला आजार नव्हता. आमच्या पायरीवर जेवणही येऊ लागलं. पूर्वी ते स्टीलच्या डब्यातून येई. आता दह्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यांतून येई, वर चिठ्ठी: परत करायची तसदी घेऊ नकोस. गोळाभात त्यांच्या हातचाच होता, हिंगाच्या तेलासकट. मी जेवले. डबे मिलिंदने कचऱ्यात टाकले.

एडिथ

त्या जानेवारीत खाली टीव्हीवर आखातातलं युद्ध चालू होतं. ते युद्ध सहन होईना म्हणून समोरच्या घरातल्या एडिथ माझ्याकडे येऊ लागल्या. सत्तरीच्या, एकट्या, दुसऱ्या महायुद्धानंतर एका अमेरिकन सैनिकाशी लग्न करून इंग्लंडहून आलेल्या. कॅरलने मास्क दिला तर तो त्या हनुवटीखाली ओढून ठेवत. माझ्या उघड्या खिडकीपाशी कोट घालूनच बसत.

"मला काय होणार?" त्या म्हणत. "मी स्वच्छता खात्याची बाई आहे."

खरोखरच होत्या. त्या महायुद्धात उत्तर इंग्लंडमधल्या एका जिल्ह्याच्या स्वच्छता निरीक्षकाच्या हाताखाली त्या कामाला होत्या, वय जेमतेम वीस. बॉम्बने पाण्याचे नळ फुटले की टाकीची गाडी गल्लीत आणायची, पाण्यात क्लोरीन पुरेसं आहे का ते पाहायचं, आणि किटल्या-जग घेऊन रांगेत उभ्या बायकांना दारोदार जाऊन बजावायचं: उकळून प्या. घरं पडलेली माणसं शाळेच्या हॉलमध्ये झोपत. तिथे घोंगडीच्या आडोशाला ठेवलेल्या बादल्या वेळेवर रिकाम्या होतात का, ते पाहायचं. शहरातून पाठवलेल्या मुलांच्या केसांत उवा शोधायच्या.

"वास," त्या म्हणाल्या. "युद्ध म्हणजे माझ्यासाठी वास. क्लोरीन, ओली माती आणि भिजलेली लोकर. टीव्हीवर तो येत नाही, म्हणून लोक बघू शकतात."

एका दुपारी त्यांनी बहिणीचं सांगितलं. तिला टीबी होता. डोंगरावरच्या आरोग्यधामात होती. तिथे खाटा व्हरांड्यात असत, पांघरुणावर बर्फ पडे. युद्ध सुरू झालं तेव्हा जखमींसाठी खाटा रिकाम्या हव्यात म्हणून तिला घरी पाठवलं. घरात झोपायच्या खोल्या दोन. ती एडिथच्या खोलीत आली.

"खिडकी उघडी ठेवायची तर दिवेबंदीचा काळा पडदा हलतो, आणि उजेड बाहेर गेला की गस्तीवरचा वॉर्डन ओरडतो. पडदा बंद ठेवला तर हवा बंद. मग आम्ही दिवा मालवून, खिडकी सताड उघडी टाकून अंधारात बसायचो. फार बोलायचो. एकमेकींची तोंडं न दिसता."

मी म्हटलं, "तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटायची ना. तिचा कप मी रोज संध्याकाळी उकळायचे. निळ्या काठाचा होता. आईलासुद्धा हात लावू द्यायचे नाही. मला त्याचा अभिमान होता. आमच्या खात्याने लोकांना तेच सांगायचं ठरवलं होतं." त्यांनी स्टुलावरचा माझा कप उचलला, लाल ठिपक्यावरून अंगठा फिरवला. "तुझी नर्स म्हणते, कपाने काही होत नाही?"

"असं म्हणते."

"ती शेवटी म्हणाली होती, एकदा माझ्या कपातला चहा पी, एडी, एक घोट. मी हसण्यावारी नेलं." कप त्यांनी जागेवर ठेवला. "नीट उकळलेला कप होता तो. माझ्यासारखा कुणी उकळला नसेल."

बाहेर बर्फ ढकलणारी गाडी रस्ता खरवडत गेली.

दुसरी चाचणी

माझे थुंकीचे नमुने स्वच्छ आले. कॅरलने त्या सकाळी माझा मास्क स्वतःच्या हाताने काढला. औषधं पुढेही बरेच महिने चालणार होती, पण दार उघडलं. मी खाली गेले तर स्वयंपाकघर मला फार उजळ आणि फार मोठं वाटलं. मित्रा मला कमरेशी येऊन चिकटली. तिच्या केसांना शाळेतल्या क्रेयॉनचा मेणकट वास होता. मी तोंड बाजूला वळवून तिला धरलं. सवय.

मग तिच्या दुसऱ्या चाचणीचे दिवस आले. कॅरलने मित्राच्या हातावर सुई टोचली आणि ठरल्या दिवशी पुन्हा येऊन तिथे बोट फिरवलं. एकदा. पुन्हा एकदा, डोळे मिटून. मी तिच्या बोटाकडे बघत होते. घरातला फ्रिज गुणगुणत होता.

"सपाट आहे," ती म्हणाली. "काही नाही इथे. हिची गोळीही आता बंद."

मिलिंद बाहेर ड्राइव्हवेवर गेला आणि स्वच्छ असलेला ड्राइव्हवे बर्फाच्या फावड्याने पुन्हा स्वच्छ करत राहिला.

संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो. पाणी ओतायचं काम मित्राने आपणहून घेतलं. मिलिंदच्या कपात तिने जग टेकवून पाणी ओतलं. स्वतःच्या कपात तसंच. मग माझ्या कपाशी आली, जग डोक्यापर्यंत उचलला, आणि वरून धार सोडली.

म्हणजे माझ्याकडून तिला गेलंच होतं काहीतरी. कॅरलच्या बोटाला ते लागलं नसतं.

"बाळा, आता लांबून नको," मी म्हटलं.

"बट इट्स युवर कप."

"हो. पण आता मी बरी आहे. जवळून ओत."

तिने ठिपक्याकडे पाहिलं. तिच्या दृष्टीने काहीच बदललेलं नव्हतं. ठिपका होता तिथेच होता. तेव्हा मी तिला नानांच्या गावचं हॉटेल सांगितलं. खिळे, कान तुटलेले कप, वरून पडणारा चहा. सहा वर्षांच्या मुलीला सांगावं तितकंच.

ती नीट ऐकत होती. "नानांचा कप वेगळा होता? वॉज ही सिक?"

"नाही. नाना आजारी नव्हते."

"देन हू वॉज?"

मिलिंदने हातातला घास ताटात ठेवला.

कपाट

दुसऱ्या दिवशी दुपारी मी झोपून उठले तर घरभर नेलपॉलिशचा वास. स्वयंपाकघरात ओट्यावर सगळे कप रांगेने पालथे मांडलेले, आणि मित्रा खुर्चीवर गुडघे टेकून बसलेली. प्रत्येक कपाच्या कानाशी एकेक लाल ठिपका. काही ओघळलेले, एक तर जवळजवळ रुपयाएवढा.

"डोन्ट टच, आई. ओले आहेत."

त्या आठवड्यात शोभाताईंचा डबा आला होता. बऱ्याच दिवसांनी स्टीलचा. फोनवर म्हणाल्या होत्या, "डबा परत दे गं आठवणीने, माझा सेट तुटतो." तो डबाही त्या रांगेत होता आणि त्याच्या झाकणावरही ठिपका होता. मी तो तसाच परत पाठवला.

रात्री त्यांचा फोन. "डब्याला हे काय लावलंस?"

"मित्राने लावलंय. आमच्या सगळ्याच भांड्यांना लावलंय तिने."

त्यांनी झाकण काढून पुन्हा लावल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "बरं. राहू दे मग." रविवारी आम्ही गेलो तेव्हा तो डबा त्यांच्या टेबलावर वाढायला होता, ठिपक्यासकट.

एडिथना मी खालीच चहा दिला. त्यांनी कप फिरवून ठिपका पाहिला, माझ्या कपाकडे पाहिलं, आणि हात पुढे केला. आम्ही कप बदलले. त्यांनी माझ्या उष्ट्या चहाचा एक घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरून.

मित्रा आता मिडल स्कूलमध्ये आहे. कपांतले काही फुटले. ज्याचा कान तुटला तो त्याच दिवशी घराबाहेर गेला. उरलेले कपाटात एकात एक बसवलेले आहेत. सकाळी हाताला येईल तो मी घेते. त्यातला माझा कोणता होता, ते आता मलाही सांगता येत नाही.